बिल्ला नंबर सतरा

अकरावीत सुतार सरांनी फळ्यावर दोन लंबगोल काढले,
डावीकडे प्रांत, उजवीकडे सहप्रांत,
मधे बाण.
म्हणाले, डावीकडच्या प्रत्येकातून बाण सुटलाच पाहिजे,
आणि एकच सुटला पाहिजे.
मग त्या संबंधाला फल म्हणायचं.

मला हसू आलं.
महाद्वाराबाहेर आमचा चप्पल स्टँड.
काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत
दादा दुसरं काय करत होते?
माणसाच्या हातात पत्र्याचा बिल्ला,
फळीवर त्या आकड्याची जोडी.
क्रमित जोडी : आधी आकडा, मग चप्पल.
चप्पल पुढं करून आकडा मागायला
कोणी आल्याचं मला तरी आठवत नाही.

मुरगूडचे दोघे भाऊ आले, एकमेकांना चिकटून,
बारा आणि तेरा दोन्ही बिल्ल्यांचा माल
एकाच कप्प्यात कोंबला.
चालतं.
दोन बाण एका जागी टेकले तर चालतं.
एका बाणाला दोन टोकं फुटली
की संपलं.

आणि त्याच नवरात्रात, ललितापंचमीच्या गर्दीत, फुटली.
पापाच्या तिकटीच्या पत्रेवाल्यानं
नव्या शंभर बिल्ल्यांत सतरा दोनदा ठोकला होता.
एक दादांनी दिला, एक धाकट्या धनूनं.
एका हातात गेला शाहूपुरीतल्या गुळाच्या हमालाच्या;
त्यानं उतरवलेली जोडी कोरी, करकर वाजणारी,
बोनसच्या पैशातली.
दुसरा गेला गॉगल लावलेल्या एका पोराकडं,
त्याची टाच झिजून कागद झालेली.

पोरगं आधी आलं.
धनूनं विचारलं, कुठली?
पोरानं बोट केलं.
आकडा खोटा नव्हता.

हमाल आला तेव्हा सतरा त्याच्या तळहातावर होता,
गुळाच्या चिकटपणानं जरा ओढून धरलेला.
तो भांडला नाही. तेच वाईट.
दादांनी पायातली काढली, त्याच्यापुढं सरकवली,
“जरा ढिली हुतील,” म्हणाले,
आणि अनवाणी घरी आले,
ऑक्टोबरच्या डांबरावरून, सुभाषनगरपर्यंत.

रात्री मी वहीत लिहिलं :
{(१६, पिवळा गोंडा), (१७, कोरी), (१७, झिजकी), (१८, लहान मुलीची)}
खाली लाल पेनानं, फल नाही.
दादा घंगाळात पाय बुडवून बसलेले.
“कसलं फळ?”
फळ न्हवं दादा, फल. एका आकड्याला दोन जोड्या, म्हणून न्हाई.
“मग चुकलं कोण?”
गणितात कोण नसतं, मी म्हटलं. संच तसा आहे, एवढंच.
“मग संच बदल की.”
खिळा घेतला, दगड घेतला,
आणि एका सतराच्या डोक्यावर टिंब ठोकलं.
सकाळी फळीवर खडूनं एक कप्पा वाढला :
सतरा, शेजारी सतरा टिंब.
मी लाल रेघ खोडली.

आता राजारामपुरीच्या शाळेत मीच ते लंबगोल काढते.
टिंबाचा सतरा माझ्या कंपासपेटीत असतो,
मुलं विचारतात, मी सांगत नाही.
काल मागच्या बाकावरची इशरत म्हणाली,
बाई, उजवीकडं एखाद्याकडं बाणच आला नाही तर?
चालतं, मी म्हटलं. फलाला काही बाध येत नाही.
पाठ्यपुस्तकात एवढंच आहे.

पण आमच्या सगळ्यात खालच्या फळीवर
कोणी न्यायला न आलेल्या जोड्या असायच्या.
एकीचा अंगठा तुटलेला,
एक बोटभर लांबीची, लाल गोंड्याची.
दर शनिवारी दादा चिंधीनं त्यांना तेल लावायचे,
पुढून, मागून, पट्ट्याच्या आत बोट घालून.
मी एकदा चिडून विचारलं,
येणार आहे का कोणी?

“येईल, न येईल.
वाळून तडकली म्हंजे
आल्यावर काय देऊ?”